गाळात गेलेलं बंदर

फ्रीपोर्ट मागे पडलं तसा रस्ता वर-खाली व्हायला लागला. त्याआधीचे दोन तास बाबा गाडीत जवळजवळ गप्पच होते. शिकागोजवळचं नेपरव्हिल सोडल्यापासून दोन्ही हातांना कापणी झालेली मक्याची शेतं, मधेच धान्याचं एखादं उंच कोठार, की पुन्हा शेतं. इलिनॉय म्हणजे पोळपाट, हे मी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. पण आता वीस नंबरचा हायवे एका टेकडीच्या खांद्यावर चढला, पलीकडे उतरला, पुन्हा चढला, आणि बाबा सीटवर सरसावून बसले. म्हणाले, "अगं, हा तर घाट लागला!"

त्यांचं अगदीच चुकलं नव्हतं. हिमयुगात बर्फाचे मैलोगणती थर उत्तरेकडून सरकत आले आणि त्यांनी इलिनॉयचा बहुतेक भाग घासूनपुसून सपाट केला. राज्याच्या वायव्य कोपऱ्यात मात्र ते पोचलेच नाहीत. हिमनदी जाताना मागे दगडगोटे, रेती, माती यांचा जो राडा टाकून जाते त्याला भूगोलात ड्रिफ्ट म्हणतात. तो इथे नाही, म्हणून या सगळ्या टापूला ड्रिफ्टलेस म्हणतात. इथल्या दऱ्या पाण्याने सावकाश कोरलेल्या, टेकड्या जुन्या, जशा होत्या तशा. राज्यातली सगळ्यात उंच नैसर्गिक जागा, १,२३५ फुटांचा चार्ल्स माउंड, इथल्याच जो डेव्हिस काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, आहे.

आम्ही निघालो होतो गॅलेनाला. बाबांना मी सांगितलं होतं, एका जिल्ह्याच्या ठिकाणी चाललोय. काउंटी सीटला मराठीत याहून जवळचा शब्द मला सापडत नाही. पण तो शब्द ऐकला की आमच्या डोळ्यांपुढे जळगाव उभं राहतं: कलेक्टर कचेरी, तिच्याबाहेर झाडाखाली बसलेले अर्ज लिहून देणारे, वकिलांच्या पाट्या, एसटी स्टँड. गॅलेनाची वस्ती जेमतेम ३,३००. अख्ख्या जो डेव्हिस काउंटीची बावीस हजारांच्या आसपास. "एवढी माणसं तर आपल्या बाजारात रविवारी असतात," बाबा म्हणाले. इथे कलेक्टरही नाही. शेरीफ, काउंटी क्लार्क, सरकारी वकील, सगळे लोकांकडे मतं मागून निवडून येतात.

काउंटीला ज्याचं नाव दिलं तो जोसेफ हॅमिल्टन डेव्हिस केंटकीचा वकील. १८११ मध्ये टिपकनूच्या लढाईत मारला गेला. १८२७ मध्ये काउंटी स्थापन झाली तेव्हा त्याच्या सन्मानार्थ नाव ठेवलं, पण तो आडनावात जी अक्षरं ज्या क्रमाने लिहायचा त्यातली दोन उलटी पडली, ती आजतागायत तशीच आहेत.

गावात शिरण्याआधी डाव्या अंगाला हॉर्सशू माउंड नावाची टेकडी लागते. तिथे गाडी लावून आम्ही वर गेलो. ऑक्टोबरचा तिसरा आठवडा, ओकची पानं विटकरी झालेली, मेपलची बरीच गळून गेलेली. हवा स्वच्छ असेल तर इथून तीन राज्यं दिसतात: पायाखाली इलिनॉय, उत्तरेला विस्कॉन्सिन, मिसिसिपीपलीकडे आयोवा. खाली दरीत चर्चचे मनोरे आणि विटांच्या लाल भिंती एकमेकींना टेकून उभ्या होत्या. इतकं एकसंध, जुनं गाव मी अमेरिकेत दुसरं पाहिलेलं नाही. १९६९ पासून गावाचा बहुतेक भाग राष्ट्रीय वारशाच्या यादीत आहे.

"नदी कुठाय?" बाबांनी विचारलं.

मी बोट दाखवलं. ते थोडा वेळ बघत राहिले. "तो ओढा?"

त्या ओढ्यावर एके काळी आगबोटींची रांग लागायची. गॅलेना नदी इथून तीनेक मैलांवर मिसिसिपीला मिळते. १८३० आणि ४० च्या दशकांत सेंट लुईसहून वर येणाऱ्या आगबोटी थेट गावाच्या धक्क्याला लागत. तेव्हा शिकागोचं नाव कोणी काढत नसे, वरच्या मिसिसिपीचं बंदर म्हणजे गॅलेना. आज तिथे दोघेजण छोट्या होडीत वल्ही मारत बसले होते, आणि त्यांना काठ दोन्हीकडे जवळच होता.

हे कसं झालं ते समजायला शिशापासून सुरुवात करावी लागते.

मेन स्ट्रीटवरच्या एका दुकानात काउंटरवर खनिजाचे तुकडे मांडले होते. मालकीणबाईंनी एक उचलून माझ्या तळहातावर ठेवला आणि माझा हात खाली गेला. लिंबाएवढा तुकडा, पण वजन असं की डोळ्यांचा आणि हाताचा मेळच बसेना. रंग शिसपेन्सिलीच्या टोकासारखा, पण चकचकीत. सगळ्या कडा काटकोनात. कुठेही फोडा, आत पुन्हा घनच निघतात, पायरीवर पायरी चढवल्यासारखे. हेच गॅलेना, म्हणजे शिसं आणि गंधक यांचं संयुग. गावाला नाव मिळालं ते या दगडाचं. आपल्याकडे डोळ्यांत घालायचा सुरमा असतो, तो बऱ्याचदा हाच दगड कुटून केलेला असतो. बाबांनी तो तुकडा उजेडाकडे धरून फिरवून पाहिला. "माझी आजी घालायची सुरमा. हे घालायची ती?" पुढे बराच वेळ ते त्यावर बोलले नाहीत.

या टेकड्यांमधलं शिसं गोऱ्या लोकांनी शोधलं असं जुन्या पाट्यांवर वाचायला मिळतं, ते खरं नाही. मेस्क्वाकी, सॉक आणि हो-चंक या मूळ जमातींचे लोक कित्येक पिढ्या इथे खणत होते. खणण्याचं आणि वितळवण्याचं काम मुख्यतः बायका करत. फ्रेंच व्यापाऱ्यांना त्या शिसं विकत. त्यातले बरेच फ्रेंच त्यांच्यातच सोयरिकी करून राहिले. १८०७ मध्ये अमेरिकन सरकारने शिशाच्या जमिनी राखीव ठेवून खाणी भाड्याने द्यायचं ठरवलं. १८२२ मध्ये केंटकीचा कर्नल जेम्स जॉन्सन परवाना घेऊन आला. त्याने खाणकामगार आणले आणि गुलामही आणले. इलिनॉय हे कागदोपत्री गुलामगिरी नसलेलं राज्य होतं, तरीही. १८२६ मध्ये गावाची आखणी झाली. १८२९ च्या प्रेरी दु शिएनच्या करारांत मूळ लोकांकडून हा टापू लिहून घेतला. १८३२ मध्ये सॉक नेता ब्लॅक हॉक आपल्या माणसांना घेऊन मिसिसिपी ओलांडून परत आला. त्याचा शेवट फार वाईट झाला. त्या लढाईत इथून पंधरा मैलांवर एलिझाबेथ गावाच्या गढीत हल्ला चालू असताना बायकांनी बंदुकीच्या गोळ्या ओतल्या, याच शिशाच्या. ज्यांच्या बायकांनी पहिल्यांदा हे शिसं वितळवलं, त्यांच्यावरच त्या झाडल्या गेल्या. ही गोष्ट गावात फिरताना मला सतत बोचत होती.

मग लोंढे आले. दक्षिणेकडून आलेले लोक वसंतात नदी चढून येत, थंडीपूर्वी परत जात, म्हणून त्यांना सकर म्हणत, त्या नावाच्या माशावरून. उत्तरेकडचे कामगार थंडीतही मागे राहत, टेकडीच्या पोटात खणलेल्या भोकांत, म्हणून ते बॅजर. विस्कॉन्सिनला आजही बॅजर स्टेट म्हणतात ते त्या बिळांमुळे. खाणी सुरुवातीला खोल नव्हत्या. वर एक लाकडी रहाट, खाली एक माणूस, टोपली वर. १८४५ च्या सुमाराला या भागातून वर्षाला पाच कोटी पौंडांहून जास्त शिसं निघत होतं, देशाच्या एकूण उत्पादनाच्या चार-पंचमांश. शिशाच्या लगडी बोटींवर चढत आणि सेंट लुईस, न्यू ऑर्लिन्सला जात. गोळ्या, पाण्याचे नळ, पांढरा रंग, छापखान्याचे खिळे, सगळ्याला शिसं लागायचं.

आणि शिसं वितळवायला लागायचं लाकूड. भट्ट्यांसाठी आसपासच्या टेकड्या अक्षरशः बोडक्या केल्या. खाणींच्या तोंडाशी मातीचे ढीग पडले. वर लोकांनी उतारावरच नांगर घातले. उतार असा की प्रत्येक पावसात माती सुटायची आणि सरळ नदीत. ड्रिफ्टलेसच्या ज्या तीव्र उतारांनी खनिज वरच्यावर हाताशी आणून दिलं, त्याच उतारांनी नदी भरून टाकली. वर्षामागून वर्षं नदी अरुंद होत गेली, मग उथळ, मग बोटींना वळायलाही जागा उरेना.

बाबा पुलावर उभे होते. म्हणाले, "हतनूरचं पण हेच. पावसाळ्यात तापीचं पाणी बघ कसलं असतं, निम्मी माती. धरणात पाणी किती आणि गाळ किती, हेच कळेनासं झालंय." भुसावळकराला गाळ समजावून सांगावा लागत नाही. धंदा बुडाला की आपण म्हणतो गाळात गेला. इथे बंदरच गेलं, आणि ज्या धंद्यासाठी ते होतं त्याच धंद्याने घालवलं.

गाळ चढत असतानाच रेल्वे आली, आणि इथे बाबांचे कान टवकारले. त्यांची सगळी नोकरी मालगाडीवर गार्ड म्हणून गेली. दुसऱ्या कुठल्याही इतिहासाला ते मान डोलावतात, रेल्वेच्या इतिहासाला उलटे प्रश्न विचारतात.

शिकागोच्या पहिल्या रेल्वे कंपनीचं नाव होतं गॅलेना अँड शिकागो युनियन. सनद १८३६ ची, पहिली गाडी धावली १८४८ मध्ये. नावात गॅलेना आधी आणि शिकागो नंतर, कारण पैसा गॅलेनाला होता, शिकागो तेव्हा चिखलातलं नवं गाव. पण त्या कंपनीचे रूळ फ्रीपोर्टला थांबले. गॅलेनापर्यंत ते कधी आलेच नाहीत. आली ती दुसरी, इलिनॉय सेंट्रल, १८५४ च्या शरदात. गावाने मोठा सोहळा केला. लोकांना वाटत होतं की गॅलेना शेवटचं स्टेशन राहील, पलीकडचा सगळा माल इथे उतरेल आणि इथेच चढेल. पण आयोवाच्या पुढाऱ्यांनी वॉशिंग्टनमध्ये खटपट करून मार्ग आधीच पुढे ओढून घेतला होता. वर्षभराच्या आत रूळ मिसिसिपीच्या काठी डनलीथला पोचले, आयोवातल्या ड्यूब्यूकच्या समोर. बोटी तिथे लागायला लागल्या. गॅलेना मधलं स्टेशन झालं.

"जंक्शन नाही, टर्मिनस नाही," बाबा म्हणाले. "मग काय राहिलं? पाणी भरायचं स्टेशन." भुसावळला जे मिळालं ते गॅलेनाच्या हातातून निसटलं, हे त्यांनी एका वाक्यात सांगितलं. आमच्या गावात नागपूरचा फाटा आणि जबलपूरचा फाटा फुटतो, म्हणून तर आम्ही आहोत.

१८४९ च्या सोन्याच्या बातमीने बरेच खाणवाले आधीच कॅलिफोर्नियाला गेले होते. वरवरचं शिसं संपत आलं होतं. तरी गाव अजून ऐटीत होतं. १८५५ मध्ये इथे दि सोटो हाऊस उघडलं, २२५ खोल्यांचं पाच मजली हॉटेल. लिंकन १८५६ मध्ये त्याच्या सज्जातून बोलले. १८८० मध्ये वरचे दोन मजले उतरवून टाकले. तितकी माणसं येतच नव्हती. हॉटेल आजही चालू आहे, तीन मजल्यांचं. आम्ही आत चहा प्यायलो. मला वाटतं एखाद्या गावाचं नशीब कळायला आकडे लागत नाहीत, मजले कापलेली एक इमारत पुरते.

पडझड झाली नाही याचं कारणही तेच. जुनं पाडून नवं बांधायला पैसा लागतो, तो गेला होता. त्यामुळे १८२६ चं चुनखडीचं डाउलिंग हाऊस आहे, १८४६ चं मार्केट हाऊस आहे, आणि मेन स्ट्रीटच्या वळणावर ओळीने विटांची दुकानं आहेत. गाव टेकडीवर पायऱ्या-पायऱ्यांनी चढत जातं: खाली मेन, त्यावर बेंच, त्यावर प्रॉस्पेक्ट. एका रस्त्यावरच्या घराचं छप्पर वरच्या रस्त्याच्या पायाशी. मधले जिने सार्वजनिक आहेत. जुन्या हायस्कूलकडे जाणाऱ्या जिन्याला दोनशेहून जास्त पायऱ्या आहेत. बाबा निम्म्यावर थांबले, कठड्याला धरून खाली बघत म्हणाले, "शाळेत जायला रोज एवढं? पोरं दणकट असतील."

बेंच स्ट्रीटवर काउंटीचं कोर्ट आहे. मूळ इमारत १८३९ ची, पुढचा दर्शनी भाग नंतरचा. शनिवार असल्यामुळे बंद होतं. मी पायरीवर बसले. १८६१ च्या एप्रिलमध्ये याच कोर्टात गाव जमलं होतं, समटर किल्ल्यावर तोफा डागून उत्तर-दक्षिण यादवी युद्ध पेटल्याची बातमी आल्यावर. जॉन रॉलिन्स या तरुण वकिलाचं भाषण झालं. दोन दिवसांनी पुन्हा सभा झाली, आणि अध्यक्षस्थानी बसवलं चामड्याच्या दुकानातल्या एका कारकुनाला, कारण तो सैन्यात कॅप्टन होता. तो युलिसिस ग्रँट, पुढचा राष्ट्राध्यक्ष.

ग्रँट गॅलेनात आला होता १८६० च्या वसंतात, वय अडतिशीला टेकलेलं. सैन्यातली नोकरी सोडून सहा वर्षं झालेली, सेंट लुईसजवळ शेती जमली नाही, शहरात धंदा जमला नाही. बायको आणि चार मुलं घेऊन तो वडिलांच्या दुकानात धाकट्या भावांच्या हाताखाली लागला. हाय स्ट्रीटवर भाड्याचं घर. रोज तो हेच जिने उतरून दुकानात जायचा आणि संध्याकाळी चढून घरी. पाच वर्षांनंतर दक्षिणेच्या सेनापतीने त्याच्यापुढे शरणागती पत्करली. ग्रँटसकट नऊ सेनानी या एवढ्याशा गावाने त्या युद्धाला दिले. त्यांतला मला सगळ्यात जवळचा वाटतो तो इली पार्कर. जन्माने सेनेका या मूळ जमातीचा, कायदा शिकलेला, पण मूळ रहिवाशाला नागरिकत्व नाही म्हणून वकिली करू दिली नाही. मग तो इंजिनिअर झाला, आणि गॅलेनात कस्टम हाऊस व पोस्टाची इमारत बांधण्यावर देखरेख करायला आला. तिथे ग्रँटची दोस्ती झाली. १८६५ च्या ९ एप्रिलला अॅपोमॅटॉक्सला शरणागतीच्या अटींचा अखेरचा कागद ज्याच्या हस्ताक्षरात लिहिला गेला तो हा पार्कर. त्याने बांधलेलं पोस्ट आजही चालू आहे. मी तिथून भुसावळला आईच्या नावाने एक कार्ड टाकलं.

नदीच्या पलीकडे, बूथिलिए स्ट्रीटवर, ग्रँटचं दुसरं घर आहे. युद्धानंतर १८ ऑगस्ट १८६५ ला गावाने त्याची मिरवणूक काढली आणि हे विटांचं दुमजली घर त्याला भेट दिलं. गावकऱ्यांनी ते अडीच हजार डॉलरला विकत घेतलं होतं. १८६८ ची अध्यक्षपदाची निवडणूक त्याने गॅलेनातूनच लढवली. निकाल ऐकायला तो गावातल्या एलायू वॉशबर्न या काँग्रेस सदस्याच्या घरी बसला होता, तिथे तारेची सोय केली होती.

घर आता राज्य सरकारकडे आहे. आतलं बरंच सामान ग्रँट कुटुंबाचंच. आमच्या मार्गदर्शक बाईंनी जगप्रवासाचा उल्लेख केला, तेव्हा मी बाबांना म्हटलं, "हा माणूस मुंबईला येऊन गेलाय." ते वळून माझ्याकडे बघायला लागले. आठ वर्षं राष्ट्राध्यक्ष राहून झाल्यावर ग्रँट दांपत्य १८७७ मध्ये जगाच्या फेरीला निघालं. १८७९ च्या फेब्रुवारीत ते मुंबईत उतरले आणि मलबार पॉइंटला गव्हर्नर सर रिचर्ड टेंपल यांचे पाहुणे म्हणून राहिले. मग गाडीने जबलपूरमार्गे अलाहाबाद, आग्रा.

"जबलपूरला? मुंबईहून?" बाबा म्हणाले. "मग भुसावळवरूनच."

मुंबई-जबलपूर रूळ तेव्हाही भुसावळवरूनच जात होते. बाबांनी त्या बाईंना इंग्रजीत, सावकाश, एकेक शब्द जुळवत सांगितलं की त्यांच्या गावाच्या स्टेशनातून जनरल ग्रँटची गाडी गेली. बाईंनी हातातली किल्ली खाली ठेवली आणि कागदावर गावाचं नाव लिहून मागितलं. बाबांनी लिहिलं, आधी देवनागरीत, मग खाली इंग्रजीत.

ग्रँट त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये गॅलेनाला परतला, पण १८८१ मध्ये न्यू यॉर्कला गेला तो गेलाच. नदीकाठच्या बागेत १८९१ पासून त्याचा पुतळा उभा आहे. खाली 'आपला नागरिक ग्रँट' अशा अर्थाचे शब्द कोरलेत. ना सेनापती, ना राष्ट्राध्यक्ष.

परतताना मेन स्ट्रीटच्या टोकाशी पुराचे दरवाजे पाहिले. ज्या नदीत बोट चालत नाही, ती पूर मात्र आणते. तळ वर आलेला, पाणी जाणार कुठे? १९३७ आणि १९४७ चे पूर दुकानांत शिरले, म्हणून १९५१ मध्ये बांध घातला आणि रस्त्यावर हे पोलादी दरवाजे बसवले. एरवी ते उघडे असतात, मधून गाड्या जातात, बायका पिशव्या घेऊन जातात. नदी चढली की रस्ताच बंद. मी एका दरवाजाच्या झडपेला टेकून उभी राहिले. माझ्या दुप्पट उंचीची होती.

पुलापलीकडे १८५७ चं जुनं स्टेशन आहे. १९८१ पासून या मार्गावर प्रवासी गाडी नाही, पण मालगाड्या चालतात. आम्ही गाडीकडे निघालो आणि नदीच्या वळणामागून भोंगा आला. बाबा थांबले. दोन इंजिनं, मग वाघिणीमागून वाघिणी, बहुतेक धान्याच्या. ते ओठांनी मोजत होते. मी काही बोलले नाही. नोकरीत असताना स्टेशनातून गाडी जाताना गार्डाने हात दाखवायचा असतो, सगळं ठीक आहे म्हणून, आणि फलाटावरच्याने उलट दाखवायचा. अमेरिकेत मालगाडीला गार्डाचा डबा राहिलेला नाही. शेवटच्या वाघिणीला एक लहानसा दिवा अडकवलेला होता, लाल, लुकलुकणारा.

बाबांनी हात वर केला आणि तो दिवा वळणाआड जाईपर्यंत तसाच धरून ठेवला. मग म्हणाले, "एकशे चार."